वडाचा दाखला

गोरक्ष भिमाजी खेतमाळीस हा नगरपालिकेत झाडांचा मुकादम होता. मूळचा काष्टीकडचा. बापाचं माळवं विहिरीच्या पाण्यावर पोसायचं, तेव्हा झाडाशी बोलणं त्याला लहानपणापासूनच ठाऊक. पुढं पुण्याला वर्षभर माळीकाम शिकला आणि तालुक्याच्या या गावी चिकटला. गावाला शहर म्हणायची पद्धत नुकतीच पडत होती. एक स्टेशनरोड, एक बाजारपेठ, कचेऱ्या, दोन शाळा, आणि रस्त्याच्या दुतर्फा लिंब, चिंच, करंज, मधूनमधून गुलमोहोर. गोरक्षच्या हाताखाली तीन माळी, बैलगाडीवरची पाण्याची टाकी, एक लांब शिडी आणि एक रजिस्टर. रजिस्टरात सहाशे बारा झाडं. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर नंबर टाकलेला, खाली गेरूचा पट्टा, वर चुन्याचा. कुठलं झाड विजेच्या तारेला लागतंय, कुठल्या रोपाचं काटेरी कुंपण शेळ्यांनी उसकटलंय, हे त्याला रजिस्टर न उघडता सांगता यायचं.

एकशेसात नंबरचा वड मुलींच्या शाळेपुढं होता. गावातलं सगळ्यात जुनं झाड. रस्त्यावर अर्ध्यापर्यंत त्याची सावली, आणि अडचणही तिथंच. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात नगरपालिकेनं ठरवलं की वड काढायचा, रस्ता रुंद करायचा आणि कडेला दुकानांचे गाळे बांधायचे. वटपौर्णिमा नऊ दिवसांवर आलेली. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका नीलांबरीबाई हातात छत्री घेऊन घरोघरी फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाशे बायका वडाभोवती येऊन बसल्या. कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं समोरच्या हॉटेलात चहा पिऊन परत गेली.

नगराध्यक्ष आप्पासाहेब हुशार माणूस. वारा कुठून वाहतोय हे त्यांना लगेच कळलं. ते स्वतः तिथं आले, बायकांपुढं हात जोडले, आणि म्हणाले की आपला मुकादम झाड तपासेल. झाड निरोगी निघालं तर त्याला हात लावायची कुणाची छाती होणार नाही. गाळ्यांचा विषय त्यांनी तिथंच सोडून दिला.

गोरक्षनं दुसऱ्या दिवशी पहाटे झाड तपासलं. त्यालाही ते वाचायला हवंच होतं. लाकडी मोगरीनं त्यानं बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. पूर्वेकडून आवाज भरीव आला. पश्चिमेकडं, पारंब्यांच्या आड, आवाज रिकाम्या रांजणासारखा आला. तिथं एक ढोली होती. त्यानं सळई आत घातली. हात कोपरापर्यंत आत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी ती टेकेना. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला ओला तपकिरी भुगा होता. गोरक्ष बराच वेळ तो भुगा बोटांनी चोळत बसला. मग कचेरीत जाऊन त्यानं खरं तेच लिहिलं: झाड आतून पोकळ आहे, वरच्या फांद्या काढून भार हलका करावा, तेवढं जमत नसेल तर झाड उतरवावं.

हेडक्लार्क शामकांतरावांनी कागद वाचला आणि आत नेला. थोड्या वेळानं गोरक्षला बोलावणं आलं. आप्पासाहेब खुर्चीत मागं रेलून बसले होते. कागद त्यांच्यासमोर पालथा पडलेला.

"गोरख, झाड उभं आहे ना?"

"उभं आहे, आप्पासाहेब."

"मग तेवढंच लिही. सव्वाशे बायकांना मी शब्द दिलाय. आता पोकळ म्हणालो, तर गाळ्यांसाठी पोकळ केलं म्हणतील."

फांद्या तरी हलक्या करू द्या, असं गोरक्षनं सुचवून पाहिलं. वटपौर्णिमा होऊन जाऊ दे, मग बघू, असं उत्तर मिळालं. शामकांतरावांनी मजकूर सांगितला, गोरक्षनं तो आपल्या अक्षरात लिहिला. वृक्ष क्रमांक एकशेसात निरोगी व मजबूत असून त्यापासून कोणताही धोका नाही. खाली सही केली. सही करताना त्यानं स्वतःची समजूत घातली होती की महिन्याभरात भार उतरवू, झाडही राहील आणि शब्दही राहील. पहिला कागद शामकांतरावांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला.

वटपौर्णिमा थाटात झाली. त्यानंतर आठवड्याभरात गोरक्ष शिडी आणि करवत घेऊन वडाखाली गेला. शिडी टेकवली तोच शाळेतून नीलांबरीबाई बाहेर आल्या. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. फांद्या उतरवायच्यात, असं तो म्हणाला.

"मुकादम, झाड निरोगी आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. मग निरोगी झाडाच्या फांद्या कशाला?"

त्यानं शिडी उचलली आणि तो परत फिरला. गावात ही गोष्ट वेगळीच पसरली. वरून दाब आला असेल, पण मुकादमानं झाडावर करवत चालवली नाही, असं लोक बोलू लागले.

मग पुढच्या उन्हाळ्यात पार आला. आप्पासाहेबांनी वडाभोवती गोल सिमेंटचा पार बांधायला काढला. गवंड्यानं पायासाठी खणलं तेव्हा मांडीएवढी मुळं कुऱ्हाडीनं तोडली. गोरक्ष तिथं उभा राहून बघत होता. ढोलीचं तोंड विटा आणि सिमेंटनं भरलं, वरून गिलावा केला, त्यावर गेरू-चुना ओढला. आता हात लावूनसुद्धा कुणाला काही कळलं नसतं. पाराच्या उद्घाटनाला आप्पासाहेबांच्या हस्ते गोरक्षला शाल आणि नारळ मिळाला. नीलांबरीबाईंनी भाषणात त्याचं नाव घेतलं. मालनबाई, त्याची बायको, लुगड्याचा पदर सावरत पुढच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिनं शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. गोरक्षनं त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

पार छान झाला म्हणून शाळेनं तिसरी आणि चौथीचे वर्ग तिथं हलवले. खोल्या आधीच कमी होत्या. सत्तर-ऐंशी मुली सकाळपासून वडाखाली बसून पाढे म्हणायच्या. त्यांच्यात गोरक्षची पुष्पा होती, तिसरीत.

तिथून पुढं गोरक्षचं आयुष्य त्या झाडाभोवती बांधल्यासारखं झालं. कामाला निघाला की पाय तिकडं वळायचे. स्टेशनरोडला लिंबाची रोपं लावायची असोत की बाजारात तारेला लागलेली चिंच छाटायची असो, मन शाळेपुढं. रोज तो पाराला एक चक्कर मारायचा, गिलाव्याला तडा गेलाय का बघायचा. दोन वेळा बारीक तडा दिसला. एकदा चुना लावून त्यानं तो स्वतः बुजवला, आणि बुजवल्यावर आपण हे काय करतोय असं वाटून तिथंच पाराला टेकून बसला. मुलींना वाटलं मुकादम दमले. एकीनं त्याला तांब्यातून पाणी आणून दिलं.

वारा सुटला की त्या दिवशी तो पुष्पाला शाळेत जाऊ देत नसे. पोट दुखत असेल तिचं, बस म्हणावं घरी, असं काहीतरी मालनबाईला सांगायचा. मालनबाईनं एकदोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. आपली लेक घरी ठेवायची आणि बाकीच्यांच्या तिथं बसू द्यायच्या, हे त्यालाही कळत होतं. त्या विचारापाशी आला की तो दुसरं काहीतरी काम काढायचा.

बहात्तरला पाऊस पडलाच नाही. पिकं वाळली, विहिरींनी तळ दाखवला, गुरांना चारा राहिला नाही. थंडी सरेपर्यंत लोक रस्त्यावरच्या झाडांवर आले. आकड्या लावून लिंबाचा पाला ओढायचे, करंजाच्या डहाळ्या न्यायचे. गोरक्षला वरून हुकूम होता की झाडाला हात लावील त्याला कचेरीत आणायचं. त्यानं चारपाच जणांना आणलंही. रजिस्टरातली झाडं एकेक करून वाळत होती. टाकीला पाणी नव्हतं. तीन माळ्यांपैकी दोघं खडी फोडायच्या कामावर निघून गेले. वड मात्र शेजारच्या गटाराच्या ओलीवर हिरवागार उभा होता. फाल्गुनात त्यानं पानं गाळली आणि चैत्रात नवा पाला धरला, आधीपेक्षा दाट.

झुंबरबाई त्याला वडाखालीच भेटली. बेलापूर रस्त्याच्या वस्तीवरची म्हातारी. तिची गाय शेजारी बसलेली. बसलेली म्हणजे तिला उठवत नव्हतं. झुंबरबाई खाली पडलेली पानं वेचून तिच्या तोंडात देत होती. गोरक्षला बघून ती उठली नाही, घाबरलीही नाही.

"न्हेतो का मला कचेरीत? न्हे. पर हिला बी उचलून न्हे. हिला चालवत न्हाई."

गोरक्षनं वर पाहिलं. उन्हाळ्यामुळं शाळा सकाळची होती, मुली अकरालाच घरी गेल्या होत्या. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पश्चिमेकडची ती मोठी फांदी, जिच्या भारानं झाड त्या अंगाला ओढलं जात होतं, सगळी पाल्यानं लदलेली. दोन वर्षं त्याला जे करता आलं नव्हतं, ते त्याच्यासमोर येऊन बसलं होतं.

तो जाऊन शिडी घेऊन आला. वर चढला आणि टोकाकडून हाताएवढाल्या डहाळ्या करवतीनं उतरवू लागला. झुंबरबाई खाली तोंड वासून बघत राहिली.

"उद्या बाराला या," तो खाली उतरल्यावर म्हणाला. "आणखी कुणाकुणाची गुरं असतील त्यांना पण सांगा. पण मी दाखवीन तीच फांदी तोडायची. दुसरी न्हाई."

"लई उपकार झालं बाबा."

"उपकार न्हाईत," गोरक्ष म्हणाला, आणि ते खरंच होतं.

महिनाभर हे चाललं. रोज भर दुपारी वीस-पंचवीस माणसं यायची. गोरक्ष हातात काठी घेऊन कुठून कापायचं ते दाखवायचा. आधी पश्चिमेचा भार उतरवला, मग शेंडा, मग तोल राहावा म्हणून पूर्वेचा थोडा. बुंध्याच्या जवळ कुणाला जाऊ दिलं नाही. नीलांबरीबाईंनी भुकेल्या गुरांकडं बघून अडवलं नाही, पण त्याच्याशी बोलणं सोडलं. वैशाख लागेपर्यंत वडाचं निम्मं डोकं गेलं होतं. बघायला फार वाईट दिसत होतं. गोरक्षला मात्र कितीतरी महिन्यांनी नीट झोप लागली.

ती झोप सुट्टी लागेपर्यंतच टिकली. शाळा बंद झाल्यावर आप्पासाहेबांची जीप तिथून गेली आणि थांबली. आपल्या पाराच्या मधोमध उभं असलेलं ते बोडकं झाड त्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी गोरक्ष निलंबित झाला. गावातही लोक चिडले. ज्याला शाल दिली त्यानंच झाड लुटू दिलं, आपल्या ओळखीच्यांना पाला वाटला, असं बोललं जाऊ लागलं. मे महिन्यात एक दिवस संध्याकाळी वळवाचं वादळ झालं. पेठेतले पत्रे उडाले, कचेरीमागची चिंच मुळासकट पडली. वड हलला नाही. तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली की असल्या भक्कम झाडाची मुकादमानं माती केली.

चौकशी शामकांतरावांकडं आली. त्यांच्या पेन्शनीला तीन वर्षं राहिली होती. टेबलावर दाखला ठेवलेला होता, गोरक्षच्या अक्षरातला. गोरक्ष घरून ठरवून आला होता. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सळई, भुगा, फाडलेला कागद, पार, तोडलेली मुळं, आणि फांद्या कुठल्या क्रमानं का तोडल्या ते. शामकांतरावांनी पहिल्या वाक्यालाच पेन खाली ठेवलं होतं. त्याचं बोलून झाल्यावर ते उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे मी लिहून घेऊ शकतो," ते म्हणाले. "पण मग हा दाखला खोटा ठरतो. त्याच्यावर सही तुझी. मजकूर मी सांगितला, हे कुठंही लिहिलेलं नाही. खोट्या दाखल्याला नोकरी जाते. झाड चांगलं होतं आणि तू लक्ष दिलं नाहीस, असं लिहिलं तर नुसती बदली होते. काय लिहू, तू सांग."

ते दमदाटी करत नव्हते, हे गोरक्षला दिसत होतं. उलट आपल्याकडून होईल तेवढं ते त्याच्यासाठी करत होते. त्यानं भिंतीकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. दोन्ही बाजूंनी आपलीच सही आडवी येत होती. घरी मालनबाई आणि पोरं. बाहेर दुष्काळ.

"बदली लिहा," तो म्हणाला.

त्याला बेलापूर रस्त्याच्या जकात नाक्यावर बसवलं. झाडांच्या मुकादमाची जागा तशीच रिकामी ठेवली. रजिस्टर कपाटात गेलं. जूनमध्ये त्या वर्षी पाऊस झाला, बरा झाला, आणि वडाला तुटलेल्या प्रत्येक जागेतून कोवळे धुमारे फुटले. गोरक्ष नाक्यावरून सुटला की सायकलवर तिथून जायचा. दोन पावसाळ्यांत भार पुन्हा होता तेवढा होईल, हे त्याला कळत होतं. आणि पारावर तिसरी-चौथीच्या मुली पुन्हा बसल्या होत्या.

त्यानं नगरपालिकेला साधा नागरिक म्हणून अर्ज दिला: शाळेपुढच्या वडाची तपासणी व्हावी, तो धोक्याचा वाटतो. आठ दिवसांनी छापील कागदावर उत्तर आलं. सदर वृक्षाची तपासणी तज्ज्ञ कर्मचाऱ्याकडून पूर्वीच झालेली असून वृक्ष निरोगी व मजबूत असल्याचा दाखला दप्तरी आहे. गोरक्षनं ते नाक्याच्या खोलीत बसून दोनदा वाचलं. मग सायकल काढली आणि तो सरळ शाळेत गेला. शाळा नुकतीच सुटली होती.

नीलांबरीबाई हजेरीपट आवरत होत्या. फांद्या तुटल्यापासून त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझ्याबरोबर वडापाशी चला. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

पश्चिमेच्या अंगाला जाऊन त्यानं खिशातून छोटा हातोडा काढला आणि गेरूच्या पट्ट्यावर मारला. गिलावा निघाला, दोन विटा निखळून आत पडल्या. पडल्या त्या कुठं टेकल्या ते ऐकू आलं नाही. त्यानं बाईंची छत्री मागून घेतली आणि भोकात घातली. मुठीपर्यंत गेली. मग त्यानं सगळं सांगितलं.

बाई पाराच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "वारा सुटला की पुष्पा शाळेत येत नसायची. मला वाटायचं, मुलगी नाजूक आहे."

गोरक्षनं मान खाली घातली.

"मुली उद्यापासून आत बसतील," त्या उठत म्हणाल्या.

"बाई, तुम्ही सांगा लोकांना. माझं नाव घेऊन सांगा. तुमचं ऐकतील."

त्यांनी झाडाकडं पाहिलं. "काय सांगू? सव्वाशे बायका मी आणून बसवल्या. पार झाला तेव्हा आप्पासाहेबांचे आभार मी मानले. मुली इथं बसवा, असा अर्ज मी केला. तुम्ही शिडी लावली, तर ती मी काढायला लावली." त्यांनी छत्री भोकातून ओढून काढली. "आणि आता मीच झाड धोक्याचं म्हणाले, तर आप्पासाहेब उद्याच गाळे बांधायला काढतील. बायका मला विचारतील, बाई, किती घेतले?"

म्हणजे आता दोघांना माहीत होतं आणि दोघांनाही बोलता येत नव्हतं. ढोली गोरक्षनं तशीच उघडी ठेवली. दोन दिवसांनी नगरपालिकेचा गवंडी येऊन ती बुजवून गेला.

तिसरी आणि चौथी एका खोलीत कोंबल्या गेल्या. खिडक्यांना गज, आत श्वास घ्यायला जागा नाही. पालक तक्रार करू लागले, वरून तपासणीला साहेब आले, त्यांनीही विचारलं की एवढी सुंदर सावली असताना मुलींना असं का डांबलंय. बाहेर मुलींचं लक्ष लागत नाही, एवढंच नीलांबरीबाई दरवेळी सांगायच्या. त्यांना हट्टी म्हणायला लागले. कुणी म्हातारचळ म्हणालं. पहिल्यांदाच त्यांच्या शाळेतून मुली काढून दुसरीकडं घातल्या गेल्या. गोरक्षची पुष्पा मात्र आता वारा असो की नसो, रोज जात होती.

वड पडला तो चौऱ्याहत्तरच्या श्रावणात. चार दिवस झिमझिम चालू होती, वारा असा नव्हताच. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला, शाळा भरलेली असताना, तो पश्चिमेकडं सावकाश झुकला आणि सगळ्या पाल्यासकट पारावर आडवा झाला. पाराचे तीन तुकडे झाले. एका शिक्षकाची सायकल खाली सापडली. माणूस एकही नाही. मुली खिडकीच्या गजांना धरून बघत होत्या.

घरी बातमी आली तशी गोरक्षनं सायकल हाणली. तोवर निम्मं गाव जमलं होतं. बुंधा मधून फाटला होता आणि आतलं सगळं उघडं पडलं होतं; विटा, सिमेंटचे गोळे, बाकी सगळा काळा भुगा. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. लोक वाकून वाकून बघत होते. आप्पासाहेबही आले होते. त्यांनी बुंध्याकडं एकदा पाहिलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले की दुष्काळात फांद्या ओरबाडल्या, त्या जखमांतून पाणी शिरलं आणि झाड आतून सडलं. शेजारच्यानं ते पुढच्याला सांगितलं. घटकाभरात ते सगळ्यांना माहीत झालं. दोघातिघांनी गोरक्षकडं वळून पाहिलं. एक म्हातारी तर त्याला तोंडावर म्हणाली की पोरा, तुझ्या हातानं गेलं बघ झाड.

नीलांबरीबाई शाळेच्या पायरीवरून उतरून त्याच्यापाशी आल्या. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आता तरी सांगायचं?"

गोरक्षनं गर्दीकडं पाहिलं. माणसं कुऱ्हाडी आणायला निघाली होती, कुणी पारंब्या ओढत होतं, झुंबरबाई आपल्या गाईसाठी कोवळा पाला पदरात भरत होती.

"कुणाला, बाई?" तो म्हणाला.

आतून मुलींचा गलका वाढला होता. बाई परत पायऱ्या चढून गेल्या, आणि थोड्या वेळानं चौथीच्या पाढ्यांचा आवाज सुरू झाला. गोरक्ष तो आवाज ऐकत तिथंच उभा राहिला. एकेक मुलगी चढ्या सुरात म्हणत होती, बाकीच्या मागून. मग बाराची पाळी म्हणून तो नाक्यावर गेला.